सहीच्या वरचा मजकूर

प्रौढ साक्षरता वर्गातली बाई सही करायला शिकली, की काम फत्ते झालं असं बहुतेकांना वाटतं. अंगठ्याची शाई गेली याचा आनंद मलाही आहे. पण सहीच्या वर जे लिहिलंय ते तिला वाचता येतं का, हे कुणी विचारत नाही.

हे सर्वांत जास्त खुपतं हक्कसोडपत्राच्या वेळी. वडील गेले की भाऊ बहिणींना तालुक्याला बोलावतात, साडी-चोळी करतात, ‘ताई, इथं सही कर’ म्हणतात आणि सातबाऱ्यावर तिचं नाव राहत नाही. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका वाटा महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, देशाने २००५ मध्ये. माहेर तुटू नये म्हणून समजून उमजून हक्क सोडणाऱ्या बहिणीही असतात. त्यांना बोल लावणारी मी कोण? पण आपण किती गुंठे सोडतोय, हे तिला कागदावर स्वतःच्या डोळ्यांनी वाचता यायला हवं.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले सुमारे ८८ टक्के पुरुष साक्षर होते, स्त्रिया ७६ टक्के. म्हाताऱ्या बायकांत हे अंतर कितीतरी जास्त. धाकटी भावंडं सांभाळायची म्हणून त्यांच्या हाती पाटी आलीच नाही.

बाई वाचायला लागली की काय होतं, ते आंध्रातल्या नेल्लोर जिल्ह्याने दाखवलं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या साक्षरता वर्गांत बायका दारूवर, नवऱ्यांच्या उधळलेल्या मजुरीवर बोलू लागल्या. दुबगुंटा गावच्या बायकांनी गावातली दारूविक्री बंद पाडली. ती हकिकत साक्षरतेच्या पुस्तकातला धडा झाली, गावोगावच्या बायकांनी तो वाचला आणि आंदोलन पेटलं. १९९३ मध्ये सरकारला अरक या देशी दारूवर बंदी घालावी लागली. त्या बायकांच्या हाती नुसती सही गिरवायला दिली असती, तर हे घडलं नसतं.

वर्गाची वेळही महत्त्वाची. रात्रीचा वर्ग पुरुषांना सोयीचा. बाईच्या मागे तेव्हा भाकरी, भांडी, नातवंडं. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा काढली, ती दुपारी भरणारी. त्यांनी आज्यांचा दिवस आधी पाहिला, मग घंटा लावली. मला हे फार मोलाचं वाटतं.

आता ‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रमात १५ वर्षांवरच्या निरक्षरांना शिकवलं जातं. वाचन, लेखन, संख्याज्ञान अशी १५० गुणांची परीक्षा होते. आर्थिक आणि डिजिटल साक्षरताही त्यात धरली आहे. आपल्या वर्गांत त्याच्या जोडीला सातबारा, हक्कसोडपत्र, बचत गटाच्या कर्जाचा अर्ज वाचायला ठेवावा. आणि बाई वर्गाला बसली असताना पाणी कोण भरणार, शेरडं कोण बघणार, याची वाटणी घरातल्या पुरुषांनी ग्रामसभेत सगळ्यांसमोर अंगावर घ्यावी.