रकाना रिकामा सोडावा का?

बारावीनंतर आपल्याकडे प्रवेश ठरतो तो गुणांवर नाहीतर सीईटीच्या पर्सेंटाइलवर. तू कोण, घरी काय चालतं, हे कुठलाच फॉर्म विचारत नाही. म्हणून परदेशी विद्यापीठाच्या अर्जात ‘ऐच्छिक निबंध’ दिसला की आपली पोरं अवघड धड्यासारखा तो सरळ ऑप्शनला टाकतात. शहरातल्या महागड्या क्लासांत मात्र असा एकही रकाना रिकामा सुटत नाही.

परवा डहाणू तालुक्यातल्या वरोर गावच्या एका मुलाचा अर्ज वाचला. अमेरिकेतली अनेक विद्यापीठं ‘कॉमन ॲप’ या सामाईक अर्जावर प्रवेश देतात. त्यातल्या मुख्य निबंधाला ६५० शब्दांची मर्यादा. याने विषय घेतला होता शेजारी होऊ घातलेलं वाढवण बंदर. साहजिकच आहे. जून २०२४मध्ये केंद्राने ७६,२०० कोटींच्या या बंदराला मंजुरी दिली, तेव्हापासून आमच्या किनाऱ्यावर दुसरी चर्चाच नाही. पण निबंधात बंदर होतं, तो स्वतः कुठेच नव्हता. त्याचे वडील डायमेकर. दागिन्यांच्या नक्षीचे साचे पोलादात कोरतात. छाप सुलट उमटावी म्हणून नक्षी उलटी कोरावी लागते, आणि हा पोरगा ती उलटी नक्षी सहज वाचतो. “मग ऐच्छिक निबंधात हे का नाही लिहिलंस?” विचारलं, तर म्हणाला, “काका, त्यात काय सांगण्यासारखं? घरचंच काम.”

कागदपत्रांत न मावणारं सांगितलं की काय होतं, याची एक जुनी गोष्ट. १८८३ साली अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशींनी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला पत्र लिहिलं. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण कदाचित पुऱ्या करू शकणार नाही, हे त्यांनी त्यात आडपडदा न ठेवता मांडलं. आणि आपण का आलो आहोत तेही सांगितलं: आपल्याकडच्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात. हे कुठल्याही प्रमाणपत्रात मावणारं नव्हतं. प्रवेश मिळाला, आणि १८८६मध्ये त्या डॉक्टर झाल्या.

मग प्रत्येकाने ऐच्छिक निबंध लिहावाच का? नाही. मुख्य निबंधातलंच पुन्हा दळायचं असेल तर लिहू नये. ‘आमचंच विद्यापीठ का?’ या प्रश्नाचं उत्तर नाव बदलून दुसऱ्या विद्यापीठाला चालत असेल, तर ते फाडावं. गरिबीचं प्रदर्शन मांडून दया मागायची असेल तर मुळीच लिहू नये. अर्ज वाचणारा माणूस रोज ढिगाने अर्ज वाचतो, त्याला भरताड लगेच कळतं. तिथे कोरा रकाना बरा.

पण आधी एक करावं. बाकीचा अर्ज आपल्याला नीट ओळखणाऱ्या कुणाच्या तरी हातात द्यावा, मावशीच्या, मित्राच्या, शाळेतल्या बाईंच्या, आणि विचारावं, यात माझं काय राहिलं? उत्तर आलं तर तेवढंच लिहावं, दोनशे शब्दांत का होईना. आमच्या भागातल्या पोरांना ते उत्तर बहुतेक वेळा मिळेल. कारण सांगण्यासारखं जे आहे, तेच ती ‘घरचं काम’ म्हणून वगळतात.