सगळे आले का?

आमच्या वहिनींस फुटबॉलच्या खेळांतील कांहींहि कळत नाहीं. ‘ऑफसाइड’ म्हणजे काय, हें त्यांस समजावून देण्याचा उद्योग आमच्या घरांतील तीन पिढ्यांनीं केला, आणि तिन्ही पिढ्या हरल्या. तथापि दर दोन-तीन वर्षांनीं आखाती अरब राष्ट्रांचे सामने सुरू झाले, म्हणजे रात्रीचीं जेवणें आटोपून, वातींचा कापूस हातांत घेऊन त्या ओसरीवर येतात आणि मला एकच प्रश्न विचारतात, “भाऊजी, सगळे आले का हो?” कोण जिंकलें, किती गोल झाले, याची चौकशी त्या करीत नाहींत. आठहि संघ हजर आहेत एवढें कळलें, कीं त्या निवांतपणें वाती वळूं लागतात.

प्रारंभीं आम्हां पुरुषमंडळींस या प्रश्नाचें हसूं येई. परंतु या स्पर्धेची अर्ध्या शतकाहून मोठी हकीकत चाळून पाहतां, सामन्यांचीं रसभरित वर्णनें लिहिणाऱ्या क्रीडालेखकांपेक्षां वहिनींचीच दृष्टि अधिक नेमकी आहे, असें मला वाटूं लागलें आहे. म्हणून या खेपेचें सदर त्या एका प्रश्नालाच देतों.

‘अरब आखाताचा चषक’ ही स्पर्धा प्रथम १९७० सालच्या मार्च महिन्यांत बहरीन येथें भरली. १९६८ च्या मेक्सिको येथील ऑलिंपिक सामन्यांच्या वेळीं सौदी अरेबियाचे राजपुत्र खालिद अल् फैसल यांनीं ही कल्पना बोलून दाखविली, असें सांगतात. पहिल्या वर्षीं बहरीन, कुवेत, कतार व सौदी अरेबिया असे चारच संघ होते. त्यांपैकीं बहरीन आणि कतार हे देश तेव्हां पुरते स्वतंत्रहि नव्हते. इंग्रजांचें छत्र त्यांच्या डोक्यावरून उठावयास आणखी एक वर्षाचा अवकाश होता. म्हणजे संघ आधीं मैदानांत उतरला आणि स्वतंत्र राष्ट्र मागाहून जन्मास आलें! पुढें संयुक्त अमिराती, ओमान आणि इराक हे येऊन मिळाले, आणि २००३ च्या अखेरीस येमेननें आठवी जागा घेतली. कुवेतनें हा चषक दहा वेळां जिंकला आहे. तितका दुसऱ्या कोणासहि साधलेला नाहीं.

आतां याचें रत्नागिरीच्या ओसरीवर काय, असें कोणी पुण्याचा वाचक विचारील. त्यास आमचें उत्तर असें, कीं पुणें आम्हांस घाटापलीकडे आहे, अरबस्थान फक्त पाण्यापलीकडे. बहामनी राज्यांत अरबी घोडे आमच्या दाभोळच्या बंदरांत उतरत. निकितिन नांवाचा रशियन व्यापारी पंधराव्या शतकांत हिंदुस्थान सोडून निघाला तो याच दाभोळांतून, हुर्मुझच्या वाटेनें. आणि इतकें मागें जावयास नको. १९५९ सालीं आपल्या रिझर्व्ह बँकेनें आखातासाठीं म्हणून निराळ्या रुपयाच्या नोटा काढल्या होत्या. कुवेतनें १९६१ सालीं आपला दिनार काढला. बहरीन व कतार येथें आपला रुपया त्यानंतरहि कांहीं वर्षें चालत होता. ज्या बाजारांत आज आमचा हापूस दिनार-रियालांनीं विकला जातो, तेथें साठ-सत्तर वर्षांपूर्वीं रुपये मोजले जात!

शिवाय आमचा जिल्हा पूर्वापार मनीऑर्डरीवर जगणारा. ती मनीऑर्डर पूर्वीं मुंबईच्या गिरणगांवांतून येई. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि ती हळूहळू समुद्रापलीकडून येऊं लागली. प्रथम गेले ते खाडीकांठच्या गांवांतील आमचे मुसलमान शेजारी. पांढरपेशा घरांतील मुलें मागाहून, कोणी हिशेबनीस तर कोणी इंजिनियर होऊन गेलीं. गेलीं तीं गेलीं, आणि आमच्या स्वयंपाकघरांतील घड्याळास दुसरी एक अदृश्य वेळ चिकटून बसली. येथें साडेनऊ वाजले, म्हणजे कुवेतांत सात.

वहिनींचे धाकटे बंधु १९९० सालीं कुवेतमध्यें एका पेढींत हिशेबनीस होते. त्या वर्षींच्या फेब्रुवारींत आखाताच्या चषकाची दहावी खेप कुवेतांतच भरली. त्यांचें त्या वेळचें एक पत्र आमच्या कपाटांत अजून आहे. निम्मेंअधिक पत्र बहिणीच्या डोहाळजेवणाबद्दल आणि येथून धाडलेल्या मेतकुटाबद्दल आहे. शेवटीं दोन ओळी अशा, कीं येथें फुटबॉलची मोठी धामधूम आहे, पण सौदी आले नाहींत.

ते कां आले नाहींत, हें मला पुष्कळ वर्षांनीं वाचावयास मिळालें. स्पर्धेचें बोधचिन्ह म्हणून कुवेतनें दोन घोडे योजिले होते. त्या घोड्यांत सौदी मंडळींस १९२० सालच्या जहराच्या लढाईची खूण दिसली. ती लढाई कुवेतच्या लोकांनीं नज्दहून चालून आलेल्या ‘इख्वान’ टोळ्यांशीं दिली होती. सत्तर वर्षांपूर्वींची जखम दोन चित्रांतल्या घोड्यांनीं उघडी केली! पुढें स्पर्धा चालू असतां इराकचा संघ पंचांवर रागावून अर्ध्यावरून निघून गेला. चषक कुवेतनें जिंकला. आणि त्यास पांच महिने होत आहेत तोंच, २ ऑगस्ट १९९० रोजीं, इराकचें सैन्य कुवेतमध्यें शिरलें.

खेळाच्या रागांतून युद्ध उपजलें, असें मी म्हणत नाहीं. त्याचीं कारणें तेल, कर्ज आणि सरहद्द हीं होतीं, आणि तीं मैदानाबाहेर शिजत होतीं. परंतु त्याच पहिल्या दिवशीं दस्मान राजवाड्यापाशीं जे मारले गेले, त्यांत शेख फहद अल् अहमद होते, आणि कुवेतच्या फुटबॉलची सर्व सूत्रें त्यांच्याच हातीं असत. जुन्या शौकिनांस ते निराळ्या कारणानें आठवतील. १९८२ च्या विश्वचषकांत फ्रान्सनें कुवेतवर गोल केला असतां, प्रेक्षकांतील शिट्टी ऐकून आमचे खेळाडू थांबले होते, अशी तक्रार घेऊन हेच गृहस्थ अंगरख्यानिशीं मैदानांत उतरले होते. आणि पंचानें तो गोल खरोखरच रद्द केला! तें पाहून जग हंसलें होतें. आठ वर्षांनीं त्याच माणसाच्या मरणाची बातमी आली तेव्हां त्या हंसण्याची कोणास आठवणहि राहिली नसेल.

त्यानंतरचे दोन महिने आमच्या घरीं कसे गेले, तें सांगणें कठीण आहे. दूरध्वनि लागत नव्हता. पत्र येण्याचा प्रश्नच नव्हता. कुवेतांतील आपलीं माणसें बगदादवरून वाळवंट ओलांडून जॉर्डनला पोंचत, तंबूंत दिवस काढीत, आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनीं मुंबईस येत. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत दीड लाखांहून अधिक माणसें या वाटेनें परत आलीं. आकाशवाणीच्या बातम्यांत आज किती आले याचा आंकडा सांगत. वहिनी पदरानें हात पुशीत स्वयंपाकघरांतून बाहेर येत आणि आमच्या दादांस विचारीत, “सगळे आले का?” दादा म्हणत, “अजून नाहींत.” सप्टेंबरच्या अखेरीस त्यांचे बंधु आले, अंगावरचे कपडे आणि एक पिशवी, एवढेंच घेऊन. बारा वर्षांचा संसार तिकडे राहिला. वहिनींनीं त्यांना पाटावर बसविलें, पोटभर वाढलें, आणि दुसऱ्या दिवशीं आकाशवाणी लागतांच त्या पुन्हां बाहेर आल्या. “आतां कशाला?” असें मीं विचारलें, तर म्हणाल्या, “आमचा आला. बाकीचे आले का?”

तें फेब्रुवारीचें पत्र त्यांस त्यानंतर केव्हां तरी पुन्हां सांपडलें असावें. तेव्हांपासून हा प्रश्न फुटबॉलला लागला.

मला यांत एक विचित्र वाटतें. आमच्या मुंबईंत हिंदु, मुसलमान, पारशी असे धर्मवार संघ करून पंचरंगी क्रिकेट खेळत. गांधीजींनीं १९४० सालीं त्याविषयीं नापसंती दर्शविली आणि १९४६ नंतर तें बंद पडलें तें बरेंच झालें. तेथें भेद मुद्दाम उभा केला होता. आखातांत तर भाषा एक, बहुतांशीं धर्म एक, पोषाख एक, कित्येक घराण्यांचें मूळहि एक. तरी रुसवा पाहावा तर भाऊबंदांचा! कोंकणांत ज्यानें वाडीच्या गडग्यावरून चुलतभावाशीं दावा लढविला आहे, त्यास हें निराळें समजावून सांगावयास नको.

आमचा पुतण्या दोहा येथें नोकरीस आहे. २०१७ च्या जून महिन्यांत सौदी अरेबिया, अमिराती, बहरीन व इजिप्त यांनीं कतारशीं संबंध तोडले. जमिनीवरची एकुलती एक वाट बंद झाली. कतारमधील दूधदुभतें बव्हंशीं सौदीकडून येत असे. तेव्हां त्या लोकांनीं काय करावें? विमानांत घालून गायी आणल्या! ही बातमी वहिनींनीं शेजारीपाजारीं सांगितली, पण कोणाचा विश्वास बसेना. पुतण्या फोनवरून रोज सांगे, “काकी, येथें सर्व मिळतें आहे, काळजी करूं नका,” — तो आपल्या आईस लहानपणापासून काकी म्हणतो, एकत्र घरांतली खोड — आणि वहिनी मला म्हणत, “सर्व मिळत असतें तर रोज कशाला सांगता?” त्या वर्षींचा आखाताचा चषक कतारांत भरावयाचा होता. तिघे येत नाहींत असें दिसतांच तो कुवेतकडे नेण्यांत आला. तेथें सगळे आले, आणि ओमान जिंकला. वहिनींचें समाधान झालें नाहीं. “ते कुवेतकडे आले. आपल्या मुलाकडे कोठें आले?”

२०१९ च्या नोव्हेंबरांत स्पर्धा पुन्हां दोह्यास ठरली. चिठ्ठ्या पडल्या तेव्हां नांवें पांचांचींच होतीं. सुरू होण्यास दोन आठवडेहि उरले नव्हते, तेव्हां तिघांनीं येण्याचें कबूल केलें आणि चिठ्ठ्या पुन्हां टाकाव्या लागल्या. उपांत्य सामन्यांत सौदीनें कतारास एका गोलानें हरविलें. आमचा पुतण्या तो सामना पाहून आला होता. यजमान हरले, तरी त्याच्या आवाजांत खिन्नता म्हणून नव्हती. अंतिम सामना बहरीननें जिंकला. आणि बहरीन हाहि रुसलेल्यांपैकींच एक होता. पुढें १३ महिन्यांनीं, जानेवारी २०२१ मध्यें, अल्-उला येथें समेट होऊन ती बंद वाट उघडली.

तथापि मी वहिनींचें म्हणणें मुकाट्यानें मान्य करतों असें नाहीं. त्यांस मीं २०१४ ची आठवण दिली. त्या वर्षीं तिघांनीं दोह्याहून आपले राजदूत बोलावून घेतले होते; नोव्हेंबरांत रियाध येथें चषक चालू असतांच तोड निघाली, आणि कतारनें सौदीस त्याच्याच घरीं हरवून चषक नेला. सगळे आले होते! आणि अडीच वर्षांनीं गायी विमानांत चढल्या. मग या हजेरीचा भरंवसा तो काय? वहिनींनीं वात पुरी वळली आणि म्हणाल्या, “आले म्हणजे मिटलें, असें मी कधीं म्हटलें? न आलेले तेवढे मला दिसतात.” यावर मजजवळ उत्तर नव्हतें.

२०२३ च्या जानेवारींत इराकच्या बसरा शहरांत स्पर्धा झाली. इराकांत ती १९७९ नंतर प्रथमच. बसऱ्याच्या लोकांनीं पाहुण्यांस घरोघरीं जेवूं घातलें, परक्यांना झोंपावयास जागा दिली. त्यांत कुवेतचे लोकहि होते. अंतिम सामन्याच्या दिवशीं दाराशीं चेंगराचेंगरी होऊन जीवितहानि झाली, हें गालबोट लागलें. चषक इराकनें जिंकला. वहिनींच्या बंधूंना ती बातमी मीं सांगितली. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, “बसऱ्याचे खजूर चांगले असतात.”

आणि २०२४ च्या डिसेंबरांत पुन्हां कुवेत. उद्घाटनाच्या दिवशीं, २१ तारखेस, भारताचे पंतप्रधान पाहुणे म्हणून हजर होते. त्यामुळें घरांतील सगळीं मंडळी दूरचित्रवाणीपुढें जमली होती. वहिनींनीं निशाणें मोजलीं. आठ.

एका आठवड्यानें मी त्यांस मुद्दाम हांक मारली. येमेननें बहरीनला हरविलें होतें. २००३ पासून येमेन येत होता, आणि या स्पर्धेंतील त्याचा हा पहिलाच विजय. शेवटीं चषक बहरीननेंच नेला, तो भाग वेगळा. वहिनी समई मालवीत होत्या, त्या थांबल्या.

“एकवीस वर्षें? एकदांहि न जिंकतां?”

“एकदांहि नाहीं.”

“आणि तरी येत होते?”

“येत होते.”

त्यांनीं कापसाची टोपली खालीं ठेवली, ओसरीवर येऊन बसल्या, आणि किती गोल झाले तें विचारलें.