ज्याचा नंबर, त्याच्या अंगावर

अमेरिकेतल्या हॉर्स शोमध्ये स्पर्धेचा नंबर कोटाला कसा लावावा, यावरून माणसं हमरीतुमरीवर येतात. पिनवाले दोरीवाल्यांना जुनाट म्हणतात, दोरीवाले पिनवाल्यांना अडाणी म्हणतात, आणि अलीकडे आलेले चुंबकवाले दोघांकडे बघून गालात हसतात. एका बाबतीत मात्र तिघांत वाद नाही. नंबर लावायचा तो स्वाराच्या कोटालाच. पिनेशी आणि दोरीशी मी नंतर भांडेन. माझं पहिलं भांडण या एकमताशी आहे.

तिकडे ‘हंटर’ नावाचा एक स्पर्धाप्रकार आहे. शिकारीच्या रानात धावणाऱ्या घोड्यावरून तो निघाला. यात घड्याळ लावत नाहीत, गुण देतात, आणि तेही घोड्याला: चाल कशी आहे, अडथळ्यावर पुढचे गुडघे किती वर आणि किती सारखे दुमडले, वागणूक शांत आहे की अंगात आलंय. स्वाराने घोडा नीट दाखवायचा, एवढंच त्याचं काम. शो ऑफिसात नोंदणी केली की पांढरं कार्ड मिळतं. वर आयोजकाचं किंवा प्रायोजकाचं नाव, खाली ठसठशीत काळा आकडा, दोन्ही कडांना एकेक भोक, आणि सोबत दोरी नाहीतर सेफ्टी पिना. माझी भाची न्यू जर्सीत हंटर करते, त्यामुळे ही कार्डं मी हाताळली आहेत. त्यावरचा आकडा भाचीचा नसतो. तो तिच्या घोड्याचा असतो.

हे साधं सत्य वादात कुणी काढतच नाही. सकाळी प्रशिक्षक एका घोड्यावर बसून मोठ्यांच्या गटात उतरतो. दुपारी त्याच घोड्यावर बारा वर्षांची मुलगी लहानांच्या गटात उतरते. घोडा तोच, नंबरही तोच, फक्त पाठ बदलली. उलट तोच प्रशिक्षक तासाभरात तीन घोडे दाखवणार असेल तर त्याच्या एका पाठीवर तीन नंबर येऊन जातात. रिंगणाच्या दाराशी उभं राहिलं की हा खेळ बघायला मिळतो. मोतद्दार एका हाताने घोड्याच्या तोंडाचा फेस पुसतोय, दुसऱ्या हाताने बुटांवर फडकं मारतोय. दारावरचा माणूस पुढचा नंबर पुकारतोय. आणि खोगिरावर बसलेला स्वार अर्धा वळून, कोट वर करून, कमरेची निरगाठ सोडवायच्या खटपटीत आहे. कुणी शहाणा दोन कार्डं एकावर एक बांधून ठेवतो आणि वरचं काढायला विसरतो. मग उडी मारली एकाने आणि गुण लागले दुसऱ्याच्या नावावर. ऑफिसात जाऊन निस्तरायचं, तर बक्षिसाच्या फिती वाटून झालेल्या असतात. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

आता एकेकाचं म्हणणं घेऊ. पिनवाल्यांचं म्हणणं असं की पीन स्वस्त, कुठेही मिळते, आणि मॅरेथॉनमध्ये हजारो लोक तीच वापरतात. खरं आहे. पण मॅरेथॉनचा नंबर धावणाऱ्याचा असतो आणि तो लागतो साध्या बनियनवर. इथे ज्याला पीन टोचायची तो कोट काहीशे डॉलरचा. पूर्वी हे कोट जाड लोकरीचे असत. लोकरीच्या विणीत पीन शिरली आणि निघाली तरी धागे पुन्हा जवळ येत. आजचे कोट ताणले जाणारे, घामाला वाट देणारे, यंत्रात धुता येणारे. त्या जाळीदार विणीत पीन अडकली की धागा ओढला जातो, आणि एकदा ओढलेला धागा परत बसत नाही. दोन हंगामांत पाठीवर चार भोकांचा कायमचा चौकोन उमटतो.

आणि हे झालं नुसत्या कोटाचं. हल्ली बरेच स्वार हवेचं जाकीट घालतात. त्याची दोरी खोगिराला अडकवलेली असते. स्वार फेकला गेला की दोरी ओढली जाते, गॅसची नळी फुटते आणि पापणी लवायच्या आत जाकीट फुगून मान, पाठ, बरगड्या सांभाळतं. हे जाकीट कोटावरून घातलं की नंबर दिसायला हवा म्हणून तो जाकिटावर आणावा लागतो. जी वस्तू फुगूनच जीव वाचवते तिला पीन टोचायची, यावर आणखी काय लिहायचं?

चुंबकवाल्यांना फार वेळ देत नाही. कोटाच्या आत एक, बाहेर एक, मधे कार्ड. कापड शाबूत राहतं हे कबूल. पण जोरदार उडीच्या धक्क्याने कार्ड सरकतं, एखादं चुंबक वाळूत पडतं, आणि हृदयाला पेसमेकर बसवलेल्या माणसाने असली चुंबकं छातीपाठीजवळ बाळगू नयेत. हंटरमध्ये साठी ओलांडलेले हौशी स्वार कमी नसतात.

खरा मुकाबला दोरीवाल्यांशी आहे, कारण त्यांची बाजू भक्कम आहे आणि देखणीही. हंटरवाले कार्डाचे कोपरे कात्रीने कापून ते आटोपशीर करतात. दोरी कोटाच्या रंगाची घेतात. गडद निळ्या कोटावर पांढरी सुतळी दिसली तर प्रशिक्षक तिथेच हटकतो. कार्ड बरोबर कमरेच्या खळग्यात बसवतात, दोरी दोन्ही कुशींवरून पुढे आणतात, कोटाच्या काजातून आत घेतात आणि गाठ आत मारतात. बाहेरून बघणाऱ्याला दोरी जवळजवळ दिसतच नाही. जुन्या धाटणीच्या कोटाला पाठीमागे कमरेवर दोन बटणं असतात, त्यांच्यावर दोरी टेकली की कार्ड खाली घसरत नाही. ब्रिटनमधल्या शोइंगच्या वर्गांतही कमरेला दोरीचीच रीत आहे. कापडाला भोक नाही, खर्च नाही, आणि एक प्रकारची टापटीप आहे. पीन की दोरी एवढाच प्रश्न असता तर मी डोळे मिटून दोरीच्या बाजूने मत दिलं असतं.

पण दोरीने नंबर कितीही नेटका बांधला तरी तो चुकीच्या जागी नेटका बांधलेला आहे. परीक्षक बसतो रिंगणाच्या कडेला, घोडा उडी मारताना बाजूने दिसावा म्हणून. बाजूने बघणाऱ्याला पाठ दिसत नाही. ज्या क्षणी त्याला घोडा सगळ्यात चांगला दिसतो, नेमक्या त्याच क्षणी नंबर दिसत नाही! उड्यांच्या फेरीत घोडा एकटा असतो म्हणून निभावतं. सगळे घोडे एकदम रिंगणात सोडून चाल, दुडकी आणि संथ दौड बघायच्या फेरीत पंधरा-वीस घोडे कुंपणालगत फिरत असतात, त्यांतले निम्मे तपकिरी. आवडलेल्या घोड्याचा नंबर टिपायचा तर तो पाठमोरा होईपर्यंत नजर त्याच्यावर रोखून धरायची, तोवर बाकीच्यांनी काय केलं ते देवाला ठाऊक. शेवटी सगळ्यांना परीक्षकाकडे पाठ करून ओळीत उभं करायची पाळी येते. ज्या स्पर्धेत घोड्याचा डौल बघायचा, तिच्यात परीक्षकाला घोड्यांची शेपटं मोजायला लावणारी ही व्यवस्था आहे. आणि हवेच्या जाकिटाचा प्रश्न दोरीलाही चुकत नाही. फुगायला जागा लागणाऱ्या वस्तूला कमरेशी करकचून बांधणं काही शहाणपणाचं नाही.

यावर परंपरेचा दाखला येतो. हंटरचा पोशाख शिकारीच्या मैदानातून आला, त्यात ढवळाढवळ नको, असं म्हणतात. जरूर. पण कोल्ह्यामागे धावणाऱ्या शिकाऱ्याच्या पाठीवर कार्ड नव्हतं. कोट परंपरेचा आहे, कार्ड शोच्या ऑफिसचं. परंपराच पाळायची तर पाठ मोकळी ठेवली पाहिजे, म्हणजे परंपरावाल्यांनी खरं तर माझ्या बाजूला यायला हवं.

घोड्यांचे इतर खेळ या गोंधळात पडलेले नाहीत. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर कधी गेला असाल तर आठवून बघा. जॉकीच्या अंगावर मालकाचे रंग असतात आणि नंबर खोगिराखालच्या कापडावर, घोड्याच्या दोन्ही बाजूंना. ताशी साठ किलोमीटरच्या आसपास पळणाऱ्या घोड्याचा आकडा कठड्यालगतचा माणूस वाचतो, मग दुडक्या चालीच्या घोड्याचा का वाचता येऊ नये? पोलोत नंबर खेळाडूच्या पाठीवर असतो, एक ते चार. तिथे तो पाठीवरच शोभतो, कारण पोलोचा खेळाडू चक्करगणिक, म्हणजे खेळाच्या दर डावाला, घोडा बदलतो आणि नंबर त्याच्या स्वतःच्या जागेचा असतो. इव्हेंटिंग नावाच्या स्पर्धाप्रकारात, मोकळ्या रानातून धावायच्या क्रॉस कंट्री फेरीत, स्वार छातीसंरक्षकावरून नंबर छापलेला सैल अंगरखा चढवतो. पीन नाही, गाठ नाही. आणि एफईआय या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या स्पर्धांत घोडा तबेल्याबाहेर पडला की त्याचा ओळखक्रमांक त्याच्याच अंगावर हवा, असा दंडक आहे. 2023 साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या ड्रेसाज (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेच्या) संघाने सुवर्णपदक मिळवलं, घोडेस्वारीत 41 वर्षांनी. त्या संघात मुंबईचा हृदय छेडा होता. त्या संघातल्या कुणाच्याही पाठीवर कार्ड लटकत नव्हतं आणि त्यावाचून कुणाचे गुण कुणाला गेले नाहीत.

तेव्हा माझी मागणी एवढीच: हंटरमध्ये नंबर लगामाच्या डोक्याच्या पट्ट्याला अडकवा. ड्रेसाजवाले वापरतात तशी छोटी गोल चकती, पण दोन्ही गालांवर एकेक, म्हणजे रिंगणाच्या कुठल्याही बाजूने एक दिसेलच. खोगिराखालच्या नमद्यावर लावा असंही कुणी सुचवेल. हंटरमध्ये तो नमदा मेंढीच्या लोकरीचा, खोगिराच्याच आकाराचा कातरलेला असतो, आकडा लावायला त्याला कोपराच नसतो. शिवाय नमदे धुवायला जातात, एका तबेल्यात एकाचे दुसऱ्याला घातले जातात. लगाम मात्र ज्याच्या त्याच्या तोंडाच्या मापाने बसवलेला, तो सहसा अदलाबदल होत नाही.

याचा सगळ्यात मोठा फायदा रिंगणाबाहेर आहे. स्वार पडला आणि घोडा सुटला, तर आज नंबर स्वाराबरोबर वाळूत राहतो आणि घोडा बेनाम होऊन वाहनतळाकडे धावत सुटतो. पलीकडच्या फाटकावर त्याला धरणाऱ्याने कुणाला हाक मारायची? तपकिरी घोडा, एवढ्या वर्णनावर शोमधले निम्मे तंबू धावत येतील. चकती डोक्यावर असेल तर धरणारा आकडा वाचतो आणि ध्वनिक्षेपकावरून पुकारा होतो. सरावाच्या मैदानात कुणी घोड्याला बेदम हाणत असेल तर अधिकाऱ्याला घोडा ओळखता येतो, मग त्यावर कुणी बसलेलं असो वा तो दोरावर फिरवला जात असो. पाठीवरचं कार्ड यातलं काही करू शकत नाही, कारण अशा वेळी पाठ बऱ्याचदा तिथे नसतेच.

पडलेल्या स्वाराची ओळख पटायला पाठीवरचा नंबर बरा, असा एक आक्षेप मी ऐकला आहे. बेशुद्ध माणसाला उताणं झोपवलेलं असताना त्याच्या पाठीखालचं कार्ड कोण वाचणार? इव्हेंटिंगवाले त्यासाठी दंडावर वैद्यकीय माहितीची पट्टी बांधतात. ती रक्तगटापासून औषधांच्या वावड्यापर्यंत सांगू शकते. शोचा नंबर सांगतो फक्त प्रवेशशुल्क भरलं की नाही.

डोक्यावरची चकती लहान, दुरून दिसणार नाही, हा आक्षेप मात्र खरा आहे. ड्रेसाजमध्ये घोडा एकटा असतो म्हणून लहान चकती चालते, एकत्र फेरीत ती अपुरी पडेल. त्यावर उपाय म्हणजे आकडा मोठा आणि जाड छापायचा, आणि त्या फेरीपुरती परीक्षकाच्या सहायकाला दुर्बीण द्यायची. कापलेल्या कोपऱ्यांच्या कार्डावरचा आकडा तरी आज किती मोठा असतो?

इक्विटेशनच्या वर्गाचं तेवढं वेगळं. तिथे परीक्षा स्वाराची असते: बैठक, टाचा, हात, पाठ. घोडा कितीही उमदा असला तरी गुण माणसाला. तिथे नंबर माणसाच्याच अंगावर हवा, आणि जाकीट नसेल तर तो दोरीनेच बांधावा, कोटाच्या रंगाच्या, काजातून आत घेऊन. फक्त आयोजकांनी दोरी थोडी लांब द्यावी. हल्ली देतात ती दहा वर्षांच्या पोरीला पुरते. तिच्यामागून उतरणाऱ्या पन्नाशीच्या गृहस्थाला बुटाची नाडी सोडून जोडावी लागते.