हातपाय चालते राहावेत म्हणून

आपल्याकडील वृद्ध माणसे देवाजवळ फार मोठे काही मागत नाहीत. ‘हातपाय चालते आहेत तोवर ने’, एवढेच त्यांचे मागणे असते. गेल्या काही वर्षांत या मागण्यावर एक सोपा उपाय सापडल्याचा समज घरोघरी पसरला आहे. तो उपाय म्हणजे प्रथिनांच्या भुकटीचा डबा. इंदुरात रामबाग असो वा सुदामानगर, ज्या मराठी घरातील मुले पुण्या-बंगळुरूला किंवा परदेशी गेली आहेत, त्या घरी वृद्ध रुग्णाला पाहावयास जावे तर औषधांच्या शेजारी हा डबा हटकून दिसतो.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका घरी जाण्याचा प्रसंग आला. बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका, एकट्या राहणाऱ्या. न्हाणीघरात पडल्या होत्या. सुदैवाने हाड मोडले नव्हते. पण जमिनीवरून उठता न आल्यामुळे शेजारीण येईपर्यंत दोन तास तशाच पडून होत्या. कपाटात तीन डबे ओळीने ठेवलेले होते. “मुलगा न चुकता पाठवतो हो डॉक्टर, आणि मीही न चुकता घेते. मग पायांत बळ का नाही?” त्यांनी विचारले. उत्तर देताना मी अवघडलो, कारण पहिला डबा चार वर्षांपूर्वी मीच लिहून दिला होता. ‘अशक्तपणा वाटतो’ ही त्यांची तेव्हाची तक्रार. रक्तदाब पाहिला, हिमोग्लोबिन पाहिले, मधुमेहाच्या गोळ्या बदलून दिल्या. पाय मात्र पाहिले नाहीत. हात न टेकता खुर्चीवरून उठता येते का, एवढे साधे विचारलेही नाही. भुकटीचे नाव लिहावयास दहा सेकंद लागतात, आणि रुग्णालाही काहीतरी मिळाल्यासारखे वाटते. आपणांपैकी पुष्कळांचा अनुभव याहून निराळा नसावा.

वाढत्या वयात होणाऱ्या या स्नायुक्षयाला ‘सार्कोपेनिया’ हे नाव अमेरिकन पोषणतज्ज्ञ आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ साली दिले. ग्रीक भाषेत ‘सार्क्स’ म्हणजे मांस आणि ‘पेनिया’ म्हणजे उणीव. अमेरिकेतील रोगवर्गीकरणात त्याला स्वतंत्र क्रमांक मिळावयास २०१६ साल उजाडावे लागले. तोवर, आणि आपल्याकडे बहुतांशी अजूनही, ‘आता वय झाले’ हेच त्याचे निदान होते. लक्षात घेण्याची गोष्ट अशी की स्नायूंचे आकारमान जितके घटते, त्याहून त्यांची शक्ती अधिक वेगाने घटते. म्हणूनच निदानात आता आकारमानापेक्षा शक्तीला अग्रस्थान दिले जाते. आशियातील तज्ज्ञगटाने २०१९ साली ठरविलेले निकष आपल्या दवाखान्यातही वापरता येण्याजोगे आहेत. मुठीची पकड पुरुषात २८ किलोहून व स्त्रीत १८ किलोहून कमी, किंवा खुर्चीवरून पाच वेळा उठून बसावयास १२ सेकंद अथवा त्याहून अधिक वेळ, तर स्नायुक्षयाचा संशय घ्यावा. पकड मोजण्यास उपकरण लागते. दुसऱ्या चाचणीला खुर्ची आणि मनगटावरचे घड्याळ पुरते.

आता डब्याविषयी. बोस्टनमधील एका वृद्धाश्रमात मारिया फियातारोने व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग १९९४ साली प्रसिद्ध झाला. तो प्रत्येक डॉक्टराने एकदा वाचावा असा आहे. शंभर दुर्बल वृद्ध, सरासरी वय ८७. काहींना मांड्या व नितंब यांच्या स्नायूंना भार देणारा व्यायाम, काहींना पोषक पेय, काहींना दोन्ही, काहींना दोन्ही नाही. दहा आठवड्यांनी व्यायाम करणाऱ्यांची स्नायुशक्ती दुपटीहून अधिक झाली आणि चालण्याचा वेगही वाढला. ज्यांना नुसते पेय दिले त्यांच्या दुर्बलतेत काही फरक पडला नाही. त्या पेयात प्रथिने माफकच होती, असा आक्षेप घेता येईल. त्याचे उत्तर डॉ. शलेंदर भसीन यांच्या २०१८ सालच्या अभ्यासात मिळते. हालचाली मंदावलेल्या, ६५ वर्षांवरील पुरुषांना सहा महिने शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.८ ऐवजी १.३ ग्रॅम प्रथिने देऊनही त्यांचे स्नायू अधिक वाढले नाहीत.

याचे कारण गूढ नाही. प्रथिने म्हणजे विटा. पण घर बांधण्याची आज्ञा स्नायूला भारातून मिळते. आज्ञा नसेल तर विटा अंगणात पडून राहतात. अतिरिक्त प्रथिने जाळली जातात किंवा चरबीच्या रूपाने साठतात. उलट, भार काढून घेतला तर ऱ्हास किती झपाट्याने होतो पाहा. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात धडधाकट वृद्धांना केवळ दहा दिवस अंथरुणात ठेवले, तेव्हा शिफारशीइतकी प्रथिने खाऊनही त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो मांस झडले. ‘आठ दिवस पूर्ण विश्रांती घ्या’ हा आपला आवडता सल्ला वृद्ध माणसाला देताना हा एक किलो डोळ्यांसमोर असावा.

मग प्रथिनांची गरजच नाही काय? येथे मला दुसऱ्या टोकाच्या मंडळींशीही वाद घालावयाचा आहे. ‘म्हातारपणी आहार हलका असावा’ या समजुतीने आपल्या घरांत फार नुकसान केले आहे. त्या बाईंचा दिवसाचा आहार मी लिहून घेतला. सकाळी चहा-बिस्किटे, मग थोडे पोहे, दुपारी दीड पोळी, भाजी, पातळ आमटी, मूठभर भात, रात्री दूधभात. सारे मिळून प्रथिने तीस ग्रॅमच्या आतच भरली. वजन पन्नास किलो. ‘प्रॉट-एज’ या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१३ साली वृद्धांसाठी किलोमागे १.० ते १.२ ग्रॅमची शिफारस केली. त्या हिशेबाने त्यांना पन्नास ते साठ ग्रॅम हवीत. वृद्ध स्नायू प्रथिनांना तरुणासारखा चटकन प्रतिसाद देत नाही, म्हणून ही मात्रा थोडी चढी. त्यातून आपण भारतीय मुळातच स्नायूंच्या बाबतीत गरीब. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच छायाचित्रे छापून हे दाखविले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! म्हणजे म्हातारपणाच्या प्रवासाला आपण निघतो तेच अपुऱ्या शिदोरीवर.

ही तूट मात्र बहुतेक घरांत स्वयंपाकघरातूनच भरून निघते. घट्ट वरणाची एक वाटी वाढवली की सहा-सात ग्रॅम, पेलाभर दूध किंवा तितक्याच दुधाचे दही म्हणजे आणखी तेवढीच, एक अंडे म्हणजे सहा. पंचवीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांत तेरा ग्रॅम प्रथिने असतात. पिठले, मोड आलेली मटकी, घरचे पनीर, दाण्याची चटणी हे सारे आपलेच पदार्थ. उपासाच्या साबुदाण्याचे मात्र कौतुक नको. त्या खिचडीत प्रथिने म्हणावीत तर ती केवळ दाण्याच्या कुटाची. महिन्याला दोन एकादश्या आणि दोन चतुर्थ्या करणाऱ्या आजीबाईंना उपास मोडावयास सांगण्याचे धाडस मी करीत नाही, पण त्या दिवशी दूध, दही आणि दाणे दुप्पट घ्या, असे अवश्य सांगतो.

भुकटीला तिचे स्थान आहे, आणि ते नाकारणे हाही हटवाद होईल. दात नाहीत, अन्नावर वासना नाही, खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झाली आहे, कर्करोगाने वजन उतरत आहे, अशा रुग्णांना किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात आणि ती जेवणातून पोटात जात नाहीत. त्यांना डबा जरूर द्यावा. त्याआधी क्रिएटिनिन पाहावे. डायलिसिसवर नसलेल्या, मूत्रपिंड गंभीररीत्या निकामी झालेल्या रुग्णाला ही चढी मात्रा लागू नाही. डब्यावरील मजकूरही वाचावा. बाईंच्या तीन डब्यांपैकी एकात प्रथिनांपेक्षा साखर अधिक होती, आणि मधुमेही बाई तो दुधातून रोज दोनदा घेत होत्या. छापलेला मजकूर खरा असेलच असेही नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ भुकट्यांची तपासणी २०२४ साली प्रसिद्ध झाली. जवळपास सत्तर टक्के डब्यांवरील प्रथिनांचा आकडा प्रत्यक्षाशी जुळला नाही.

राहिला व्यायाम. “मी रोज नेहरू पार्कला चार फेऱ्या मारतो”, असे अनेक ज्येष्ठ नागरिक अभिमानाने सांगतात. (परतताना पोहे-जलेबी होते, हे सांगत नाहीत.) फिरणे हृदयाला हितकारक आहे, ते सोडू नये, पण खुर्चीतून उठविणारी मांडी नुसत्या फिरण्याने फारशी बळकट होत नाही. तिला भार हवा, आणि तो हळूहळू वाढावयास हवा. भिंतीला टेकविलेल्या खुर्चीवरून सावकाश उठबस, ओट्याला धरून टाचा उचलणे, पाण्याने भरलेल्या बाटल्या हातांत घेऊन वर-खाली करणे, एवढे आठवड्यातून तीन दिवस केले तरी आरंभाला पुष्कळ झाले. गुडघे झिजलेल्यांनी खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवावी. हृदयविकार असेल, चक्कर येत असेल, तर सुरुवात आपल्या देखरेखीखाली व्हावी. औषधाइतक्याच काटेकोरपणे, किती वेळा आणि कोणत्या दिवशी हे चिठ्ठीवर लिहून दिले, तर रुग्ण ते पाळतो असा माझा अनुभव आहे. तोंडी सांगितलेला व्यायाम दवाखान्याच्या पायरीपर्यंतच टिकतो.

बाईंना सुरुवातीला हात न टेकता एकदाही उठता आले नाही. दोन उशांवरून आरंभ केला. महिन्याने एक उशी काढली. तीन महिन्यांनी त्या पाच वेळा उठल्या, १९ सेकंदांत. निकषाच्या दृष्टीने त्या अजूनही अनुत्तीर्णच आहेत, हे शिक्षिका असल्याने त्यांच्या लगेच लक्षात आले आणि “पुढच्या परीक्षेला पंधरा” असे त्यांनी स्वतःच जाहीर केले. डबे बंद आहेत. मुलाला मात्र ते पटलेले नाही. आईसाठी आपण काहीच करीत नाही असे त्याला वाटते. त्याला मी दर रविवारी दूरध्वनीवर, आठवड्यात किती उठबशा झाल्या ते विचारावयास सांगितले आहे.

आपल्या संस्थेच्या विनामूल्य आरोग्यशिबिरात रक्तदाबाचे एक टेबल असते आणि साखरेचे एक. यंदा त्यांच्या शेजारी हात नसलेली एक खुर्ची ठेवावी, असे मी कार्यकारिणीला सुचविले आहे. घड्याळ घेऊन तिथे दिवसभर बसावयास मी तयार आहे. जोडीला एखादा तरुण सहकारी मिळाल्यास बरे होईल.