मेलेल्याला कसं मारणार?

दोस्तांनो, या आठवड्याचं पत्र आलंय मोरा बंदराहून. लिहिणारी मैत्रीण नववीत आहे. शाळेतल्या लिनक्सवाल्या कॉम्प्युटरवर तिने एक प्रोग्रॅम बंद केला, पण यादीतून त्याचं नाव काही जाईना. नावापुढे शब्द, ‘डीफंक्ट’. तिने ‘किल’ची आज्ञा दिली, एकदा नव्हे, दहादा. तरी तो तिथेच! वर सरांची बोलणी, “मशीन बिघडवलंस.” ती विचारते, “खरंच माझी चूक आहे का?”

मुळीच नाही! तो आधीच मेलेला होता.

ही यादी ठेवतो कर्नल. (लष्करातला नव्हे हं! इंग्रजीत बीच्या आतल्या गराला हा शब्द आहे. ऑपरेटिंग सिस्टिमचा हा गाभा.) चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला, म्हणजे ‘प्रोसेस’ला, तो एक क्रमांक देतो आणि तिच्या नावाने एक पान उघडतो. तिची आई कोण, मेमरीतली जागा कुठली, फाइली कोणत्या उघड्या, सगळं त्यात. प्रोसेसर एकीचं काम सेकंदाचा अगदी बारीकसा तुकडा करतो, की वळला दुसरीकडे. वळण्याआधी पहिलीचं काम कुठवर आलं ते नोंदवलं जातं, म्हणून पुढच्या पाळीला ती नेमकी तिथूनच सुरू होते.

पानावर स्थितीही असते. तुमच्या भाऊच्या धक्क्याच्या लाँचचंच बघा ना. ओहोटीला गाळामुळे ती मोरा बंदराला लागू शकत नाही, मग बसा भरतीची वाट बघत! तशीच कीबोर्डची वाट बघणारी प्रोसेस झोपलेली असते. कर्नल तिला पाळीत धरतच नाही. कळ दाबली, की उठवतो. यादी नीट पाहिलीत तर बहुतेक जणी झोपलेल्याच सापडतील.

आता आपलं भूत. क्रमांक १ ची प्रोसेस कर्नल स्वतः सुरू करतो. तुम्ही चालवता ते प्रोग्रॅम मात्र कुठल्या ना कुठल्या प्रोसेसच्या पोटी जन्मतात. मूल संपलं की त्याची मेमरी परत घेतात, पण पान फाडत नाहीत. त्यावर निकाल असतो ना! काम फत्ते झालं, की मध्येच कोसळलं? तो आईने मागून घेतला की पान फाटतं. तिने मागितलाच नाही, तर नाव लटकत राहतं. यालाच म्हणतात ‘झॉम्बी’.

एका झॉम्बीने काही बिघडत नाही. पण आई मुलं जन्माला घालत राहिली आणि निकाल घेईचना, तर यादीच भरते आणि नवा प्रोग्रॅम सुरूच होत नाही. १९९१ साली हेलसिंकीच्या २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने लिनक्सची पहिली आवृत्ती दिली, तेव्हा यादीत जागा होत्या अवघ्या ६४! आता क्रमांकांची मर्यादा साधारण ३२ हजारांवर असते, पुष्कळ मशीनवर त्याहून कितीतरी जास्त.

तर मैत्रिणी, मुलाला मारू नकोस, आई शोध. यादीत ‘पीपीआयडी’ नावाच्या रकान्यात तिचा क्रमांक सापडेल. सरांना विचारून, काम जतन करून तिला बंद कर. मग पोरकं मूल साधारणपणे क्रमांक १ च्या पदरात जातं, आणि ती निकाल मागायला विसरत नाही. आई कोण निघाली ते मला जरूर कळव. आणि सरांनाही दाखव!