पार हाताबाहेर जाण्याची वाट पाहू नका

"पितो, पण अजून हाताबाहेर गेलेला नाही," असं ज्या घरात म्हटलं जातं, त्या घरासाठी हे लिहीत आहे. माणूस कामावर जातो, पगार घरात देतो. पण आठवड्यातून चार संध्याकाळी मित्रांबरोबर 'बसतो'. सकाळी डोकं जड, पोरांवर चिडचिड, महिनाअखेरीला उसनवारी. आपल्याला व्यसनमुक्ती केंद्र आठवतं ते थेट नोकरी गेल्यावर, नाहीतर रक्ताची उलटी झाल्यावर.

त्याआधीच्या वर्षांतच खूप काही करता येतं. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अभिजित नाडकर्णी यांनी गोव्यातल्या 'संगाथ' या संस्थेत राहून याच प्रश्नाचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. विक्रम पटेल आणि इतर सहकारी सोबत होते. 2013 ते 2015 या काळात गोव्यातल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या, घातक प्रमाणात पिणाऱ्या 377 पुरुषांना त्यांनी अभ्यासात घेतलं. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याखेरीज समुपदेशन. फार तर चार भेटी, प्रत्येक भेट अर्ध्या-पाऊण तासाची. समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसोपचाराचं शिक्षण घेतलेलेही नव्हते. ती साधी, प्रशिक्षण दिलेली माणसं होती. आपल्या बैठकींचं ध्वनिमुद्रण ती एकत्र बसून ऐकत आणि एकमेकांना गुण देत. कामाची ही शिस्त मला फार मोलाची वाटते.

तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 36 टक्के पुरुषांचं पिणं धोक्याच्या पातळीखाली आलं होतं. इतरांत हे प्रमाण 26 टक्के होतं. वर्षभरानं फरक वाढला: 54 टक्के आणि 32 टक्के.

या बैठकींत उपदेश नसे. पिण्यामुळे त्या माणसाचं स्वतःचं काय होतंय, ते त्याच्यासमोर मांडायचं. तलफ आली तर काय करायचं, मित्रांनी आग्रह केला तर नाही कसं म्हणायचं, याची तयारी करून घ्यायची. घरच्यांनाही यातलं बरंच करता येईल. बोला, पण तो शुद्धीत असताना, सकाळच्या चहाला. भावकी गोळा करून नको, शपथा घालून नको. रोजच्या क्वार्टरचे महिन्याचे किती होतात, ते त्यालाच कागदावर मांडू द्या. कुणी माळ घालून दारू सोडत असेल तर तिचा मान राखा, आणि सोबत आरोग्य केंद्रातही न्या. झोप लागत नाही, मन उदास आहे म्हणून तो पीत असेल, तर तेही डॉक्टरांना स्पष्ट सांगा. दारूनं उदासी वाढते, म्हणून दोन्हींवर उपचार लागतात.

दोन बाबतींत मात्र घरचे प्रयोग नकोत. सकाळी घोट घेतल्याशिवाय ज्याचे हात थरथरतात, त्याची दारू एकदम तोडू नका. त्यातून फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. अशा माणसाला आधी डॉक्टरांकडेच न्यायचं. आणि चहातून 'न कळत' द्यायच्या पुड्या कुणी कितीही खात्रीनं विकल्या तरी आणू नका. तसल्या औषधावर त्यानं दारू घेतली तर जिवावर बेतू शकतं.

गोव्यातल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली आणि ती बायकांनी नीट ऐकावी. पिणं कमी झालं, तरी जोडीदाराला होणाऱ्या मारहाणीत फरक पडल्याचं तीन महिन्यांनी आढळलं नाही. म्हणजे दारू सुटली की हात उचलणं आपोआप थांबेल, या आशेवर दिवस काढू नका. मारहाणीसाठी 181 हा महिला मदत क्रमांक आहे, जीव धोक्यात असेल तर 112. व्यसनाविषयी विचारायला 14446, मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा 14416. तो यायला तयार नसला, तरी फोन तुम्ही करू शकता.