शंभराचा कागद आणि तीन हजारांची दलाली

२०२४ ची दिवाळी उलटल्यावर एक भगिनी आमच्या कचेरीत आल्या. गेली कित्येक वर्षे त्या घरच्या चुलीवर चकली, अनारसे आणि करंज्या करून गल्लीत घरोघर पोचवीत आहेत. त्या वर्षी एका दुकानदाराने त्यांचा माल घेण्याची तयारी दाखविली. मात्र पाकिटावर अन्न-नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक हवा, अशी अट घातली. बाई एका दलालाकडे गेल्या. त्याने तीन हजार रुपये घेतले, दीड महिना खेपा घालावयास लावल्या आणि सण आटोपल्यावर एक कागद हाती ठेवला. त्या कागदाची सरकारी फी वर्षाला अवघी शंभर रुपये होती, असे आम्ही सांगितले तेव्हा त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "दादा, पैशाचं जाऊ दे. पण माझी दिवाळी गेली की हो!"

त्या माउलीची दिवाळी कोणी बुडविली? दलालाने, हे उत्तर सोपे आहे आणि खरेही आहे. पण दलाल आकाशातून पडत नाही. कायदा आणि नागरिक यांच्यामध्ये जेथे अज्ञानाची खिंड असते, तेथे तो आपले टोलनाके मांडून बसतो. ती खिंड बुजविणे हे सरकारचे काम आहे, तसेच ते तुमचे-आमचेही आहे.

आमच्या शहरात अन्नाचा धंदा ही चैन नव्हे. शहापूर-वडगावात ज्या घरी माग थांबला, त्या घरी पापड-शेवयांनी चूल पेटती ठेवली. खडेबाजारातील हातगाडी, शाळेच्या फाटकाशी उभा असलेला वडापावचा गाडा, विद्यार्थ्यांना डबे पुरविणारी विधवा, कुंद्याची लहानशी भट्टी, सणावारी मांडे करून देणारे हात, अशा शेकडो कुटुंबांचा संसार यावर चालतो. अशा माणसाला कायद्याने काय दिले आहे, हे त्याला ठाऊक आहे काय? आमच्या अनुभवाप्रमाणे बहुतेकांना नाही. म्हणून ते येथे स्पष्ट मांडतो.

अन्नसुरक्षेचा कायदा २००६ सालचा आहे. त्याच्या ३१ व्या कलमाने अन्नाच्या धंद्याला परवाना सक्तीचा केला. पण त्याच कलमाने लहान उत्पादक, फेरीवाला, तात्पुरता गाळेवाला आणि कुटीरोद्योग यांना परवान्यातून वगळून केवळ नोंदणीचे बंधन घातले. पुढे २०११ च्या नियमावलीने वार्षिक बारा लाखांपर्यंतची उलाढाल असणाऱ्यास या लहानांच्या वर्गात बसविले आणि नोंदणीची फी वर्षाला शंभर रुपये ठरविली. मर्यादा आणि रकमा सरकार वेळोवेळी बदलते. तेव्हा अर्ज करण्याच्या दिवशीचे आकडे पाहूनच पैसे भरावेत. अर्ज सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः भरता येतो. छायाचित्र, ओळखीचा पुरावा आणि धंद्याच्या जागेची माहिती, एवढ्यावर त्याचे मुख्य काम भागते.

आता जी गोष्ट दलाल कधीच सांगणार नाही, ती ऐका. अर्ज पोचल्यापासून सात दिवसांत अधिकाऱ्याने नोंदणी द्यावी, किंवा कारणे लेखी देऊन ती नाकारावी, किंवा तपासणीची नोटीस काढावी, असे ही नियमावली सांगते. तपासणी काढली तर तीस दिवसांत निर्णय द्यावयाचा आहे. अर्जदाराचे म्हणणे ऐकून घेतल्याखेरीज नोंदणी नाकारता येत नाही. आणि या मुदतींत कचेरीने काहीच कळविले नाही, तर लहान उत्पादकास धंदा सुरू करण्याची मोकळीक आहे. अधिकाऱ्याने मागाहून सुचविलेल्या सुधारणा मात्र त्याने केल्या पाहिजेत. म्हणजे येथे मौनाचा लाभ कचेरीला नसून अर्जदाराला आहे! दीड महिना खेपा घालणाऱ्या आमच्या भगिनीला हे एक वाक्य ठाऊक असते, तर तिची दिवाळी गेली नसती.

मात्र एक कागद म्हणजे सारे कागद नव्हेत. येथे पुष्कळांची फसगत होते. अन्न-नोंदणी वेगळी, १९७६ च्या कायद्याखाली महानगरपालिकेकडून घ्यावयाचा व्यवसाय परवाना वेगळा, आणि दुकान थाटल्यास १९६१ च्या दुकाने व व्यापारी आस्थापना कायद्याखालची कामगार खात्याकडील नोंदणी वेगळी. हातगाडीवाल्यासाठी २०१४ चा फेरीवाला कायदा आहे. त्याखाली मिळणारे विक्रीचे प्रमाणपत्र ही त्याची खरी ढाल होय. सर्वेक्षण पुरे होऊन सर्वांना प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणाही फेरीवाल्यास उठवू नये, असे हा कायदा बजावतो. शहराच्या फेरीवाला समितीत निदान ४० टक्के सभासद फेरीवाल्यांनी निवडलेले असावेत, असेही सांगतो. आमच्या गाडेवाल्यांपैकी किती जणांनी या समितीचे नाव ऐकले आहे?

२०२५ च्या जुलैत काय घडले, ते अजून विस्मरणात गेलेले नाही. मोबाइलवरून आलेल्या रकमांच्या नोंदी पाहून राज्याच्या व्यापारी कर खात्याने लहान दुकानदारांना नोटिसा धाडल्या, आणि बेंगळुरूत चहावाल्यांनी व बेकरीवाल्यांनी 'फक्त रोख' अशा पाट्या लावल्या. ओरड झाली, सरकारला नमते घ्यावे लागले. परंतु त्यातून घ्यावयाचा धडा पाट्या बदलण्याचा नाही. ज्याच्यापाशी खरेदी-विक्रीची साधी वही होती, तो उत्तर देऊ शकला. ज्याच्यापाशी नव्हती, तो घाबरला. लपून राहून धंदा सुरक्षित राहतो, ही समजूत आता सोडली पाहिजे.

आता भाषेविषयी. ज्या मुलखात पिढ्यान्पिढ्या मराठी बोलली जाते, तेथील बाई कानडी नमुना नि इंग्रजी संकेतस्थळ यांच्यामध्ये सापडते, तेव्हा दलालाचे दुकान चालणारच. १९५६ साली केंद्र सरकारने भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाविषयी जे निवेदन प्रसृत केले, त्यात पंधरा ते वीस टक्के लोक दुसरी भाषा बोलत असतील अशा भागांत महत्त्वाच्या सूचना व नियम त्यांच्याही भाषेत छापावेत, असे सुचविले आहे. घटनेच्या ३५० व्या कलमाने तर गाऱ्हाणे राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा अधिकार दिला आहे. अर्ज अडला, तर तक्रार मराठीत लिहा आणि पोच घ्या! फलकाविषयीही घोळ नको. २०२४ च्या दुरुस्तीने फलकावर ६० टक्के कन्नड सक्तीची केली, ती पाळावी. पण उरलेल्या जागेत आपल्या दुकानाचे नाव आपल्या लिपीत लिहिण्यास कोणाची भीती? सीमेचा निकाल लागावयाचा तेव्हा लागेल. चूल मात्र आज पेटली पाहिजे.

आणि आपल्या माणसांनाही दोन शब्द सुनावणे आम्हांस प्राप्त आहे. नोंदणी म्हणजे केवळ भिंतीवर लावावयाचा कागद नव्हे. तो घेताना आपण शुद्ध पाण्याची, झाकलेल्या पदार्थांची, स्वच्छ हातांची आणि रोजच्या रोज उचललेल्या कचऱ्याची हमी देतो. उघड्या गटाराशेजारी गाडा लावावा, कालचे तेल आज पुन्हा तापवावे आणि अधिकारी आला की अन्यायाची हाकाटी करावी, हे आम्हांस मान्य नाही. आपला हक्क मागणाऱ्याचे भांडे आधी लख्ख असले पाहिजे.

गल्लोगल्लीची युवक मंडळे गणेशोत्सवात रात्र रात्र जागतात. त्यांनी महिन्यातील एक रविवार या कामाला द्यावा. मंडळाच्या खोलीत एक टेबल, एक संगणक आणि कन्नड वाचता येणारा एक तरुण पुरे. महिला मंडळांनी आपापल्या गल्लीतील अन्न करणाऱ्या भगिनींची यादी करावी. लोकप्रतिनिधींनी नियमांची मराठी पत्रके महानगरपालिकेकडे मागावीत आणि ती मिळेपर्यंत मागत राहावे.

पुढील दिवाळीला चकल्यांची पाकिटे दुकानात वेळेवर पोचली पाहिजेत, आणि त्यांवरील क्रमांक त्या माउलीने स्वतःच्या हाताने मिळविलेला असला पाहिजे. एवढे तरी आपण या वर्षात करून दाखवू या!